विजेची नवी गाडी : पाच, सहा की सात? मागच्या रांगेचा विचार आधी करा

हळदीचा हंगाम बरा गेला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक जमिनीची आणि दुसरी गाडीची. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कोणत्याही गावच्या आडतीवर बसा, हा विषय निघतोच. अलीकडे या चौकशीत विजेवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांची भर पडली आहे. बॅटरी किती, एका चार्जिंगवर किती किलोमीटर, किंमत किती, हे सर्वजण विचारतात. परंतु घरातली माणसे त्या गाडीत कशी बसणार, हा प्रश्न बहुधा पैसे भरून झाल्यावर निघतो. आमच्या मते तो सर्वांत आधी निघाला पाहिजे. बॅटरीची हमी कंपनी देते, बसण्याच्या गैरसोयीची हमी कोणी देत नाही.

बाजारात आज निवडीला वाव आहे. टाटांची हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्ये आली, ती पाच आसनी असून तिची सुरुवातीची किंमत २१ लाख ४९ हजार रुपये जाहीर झाली होती. कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही जुलै २०२५ मध्ये १७ लाख ९९ हजारांपासून आली, तीत तीन रांगा आहेत. महिंद्राची एक्सईव्ही ९ एस नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ लाख ९५ हजारांपासून सात आसनांसह बाजारात उतरली. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये बीवायडी कंपनीने ईमॅक्स ७ ही गाडी सहा आणि सात अशा दोन्ही मांडण्यांत आणली होती. या सर्व किमती त्या त्या वेळच्या शोरूमच्या आहेत, खरेदीच्या दिवशी पुन्हा विचारून घ्याव्यात. मुद्दा असा की, वीस लाखांच्या आसपास पाचही मिळतात आणि सातही. तेव्हा निवड आपल्या हातात आहे आणि जबाबदारीही आपलीच आहे.

आमच्या भागाला बैठकीचा हा हिशोब नवा नाही. १९९४ साली टाटा सुमो आली तेव्हा मागे समोरासमोर बाके होती आणि दहा माणसांची सोय होती. प्रत्यक्षात किती बसत, हे वाचकांना सांगायला नको. काळी-पिवळी जीपमध्ये तर माणूस मोजायची पद्धतच नव्हती. पुढे २००० साली क्वालिस आली आणि २००५ साली इनोव्हाने तिची जागा घेतली. इनोव्हाबरोबर मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्यांची, म्हणजे कॅप्टन सीटची, चर्चा गावोगाव पोहोचली. त्या दिवसांत "बसतील हो सगळे" हेच उत्तर असे. आज ते उत्तर चालणार नाही.

कारण स्पष्ट आहे. आसने तितके पट्टे आणि पट्टे तितकी माणसे. नोंदणी पुस्तकातील आसनसंख्येत चालकही मोजलेला असतो, म्हणून सात आसनी गाडी म्हणजे चालकाखेरीज सहाच जण. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालील मुलांनाही पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे. दंडाचे सोडा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महाग होती, तरी मागे बसलेल्या माणसाला वाचवू शकली नाही. मांडीवर नातू घेऊन बसणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे.

आता विजेच्या गाडीचे वेगळेपण पाहू. तिची बॅटरी तळाशी, प्रवाशांच्या पायाखाली पसरलेली असते. याचा एक फायदा आणि एक तोटा. फायदा असा की, मधल्या रांगेत जमीन सपाट मिळते. मधोमध बसणाऱ्याच्या पायात डिझेलच्या अनेक गाड्यांसारखा उंचवटा येत नाही, त्यामुळे तिघांचे सलग बाक खरोखर तिघांना पुरते. तोटा असा की, जमीन वर आल्यामुळे आसन आणि जमीन यांतील अंतर कमी होते. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीकडे येतात. दहा वर्षांच्या मुलाला त्याचे काही वाटत नाही, परंतु सांधेदुखी असलेल्या दादीला तासाभरात उतरावेसे वाटते.

सहा की सात, म्हणजे खुर्च्या की बाक, याचा निवाडा यावरूनच करावा. मधे दोन खुर्च्या असल्या की त्यांच्यामधून वाट राहते. मागचा माणूस कोणालाही न उठवता उतरू शकतो. अडचणीच्या वेळी हे फार मोलाचे ठरते, कारण तिसऱ्या रांगेला स्वतःचे दार नसते. उलट सलग बाकावर तिसरा माणूस मावतो, झोपलेले लेकरू आडवे होते आणि रात्रीबेरात्री नांदेडच्या दवाखान्यात रुग्ण न्यायचा झाल्यास त्याला टेकून बसायला जागा होते. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी केवळ दिखाव्यासाठी खुर्च्या घेऊ नयेत. ज्यांच्या घरी मागच्या रांगेत रोज मोठी माणसेच बसणार आहेत त्यांनी एका जादा जागेच्या मोहाने वाट बंद करू नये.

सामानाचा प्रश्नही याच हिशोबात येतो. तिन्ही रांगा उभ्या असल्या की मागे फार थोडी जागा उरते. कॅरेन्सच्या बाबतीत ती २१६ लिटर आहे, म्हणजे दोन-तीन पिशव्या. सात माणसे आणि सातांचे सामान एकाच वेळी जात नाही, हे गृहीत धरावे. वजनाचेही तसेच. सरासरी ६५ किलो धरले तरी सात जणांचे ४५५ किलो होतात. त्यावर हळदीचे पन्नास किलोचे एक पोते टाकले की पाचशेच्या वर गेलो. कंपनीच्या पुस्तिकेत एकूण भाराची मर्यादा आणि भरल्या गाडीसाठी टायरमधील हवेचे प्रमाण दिलेले असते, ते वाचून घ्यावे. व्यापाऱ्यांसाठी मात्र तिसरी रांग उपयोगाची आहे. ती मिटली की सांगलीला किंवा निजामाबादला नमुने नेण्यास चांगली सपाट जागा होते.

अंतराचा विचार करता हिंगोली ते नांदेड जाऊन-येऊन सुमारे १८० किलोमीटर होतात. भरल्या गाडीनेही ते एका चार्जिंगवर जमतात. हैदराबाद साडेतीनशेच्या आसपास आहे, तिथे वाटेत एकदा थांबणे शहाणपणाचे. कंपनीने सांगितलेले किलोमीटर चाचणीतले असतात. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, एसी पूर्ण आणि सात माणसे, अशा वेळी ते कमीच भरणार.

आता पैशाचा हिशोब. समजा, पाच आसनीपेक्षा सात आसनी गाडीला दीड लाख रुपये जास्त पडले आणि तिसरी रांग वर्षातून सहाच वेळा, लग्न, वलीमा आणि ईदच्या भेटीगाठींसाठी लागली. त्या सहा दिवशी पाच हजारांनी मोठी गाडी भाड्याने घेतली तर वर्षाला तीस हजार होतात. म्हणजे त्या जादा जागेचे पैसे फिटायला पाच वर्षे लागतील आणि तोवर उरलेले ३५९ दिवस ती रांग रिकामी धावेल. काही जण म्हणतात, आमची गाडी लग्नसराईत भाड्याने देऊन भरून काढू. तसे करता येत नाही. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी नोंदणी, भाड्यासाठी पिवळ्या अक्षरांची व्यावसायिक नोंदणी लागते. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो, तो वेगळाच.

आमची सूचना साधी आहे. गाडी ठरवण्याआधी एक महिना वही ठेवा. कोणत्या दिवशी, कोठे, किती जण आणि किती सामान, एवढेच लिहा. महिन्यात पाचपेक्षा जास्त जण एक-दोनदाच निघाले असतील तर पाच आसनी गाडी घ्या आणि उरलेले पैसे दुकानात घाला. दर आठवड्याला सहा जण निघत असतील आणि मागे मोठी माणसे बसणार असतील तर सहा आसनी. आई-वडील, दोन भाऊ आणि लेकरे मिळून सात जण खरोखर निघत असतील आणि मागे लहान मुले बसणार असतील, तरच सात.

आणि शोरूमला एकटे जाऊ नका. घरातल्या सर्वांना न्या. मधल्या रांगेत आपण बसा, मागे अम्मीला किंवा दादीला वीस मिनिटे बसवा आणि गाडी चालवून आणा. मागे एसीची हवा पोहोचते का, डोक्याला आधार आहे का, पट्टा नीट लागतो का, बाजूच्या एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, हे एकेक करून पाहा. २०२३ साली सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या ताऱ्यांकडे जरूर बघा, पण त्या चाचणीत प्रौढांचे पुतळे पुढच्या आसनांवर आणि मुलांचे पुतळे दुसऱ्या रांगेत बसवतात, हेही ध्यानात असू द्या. मागच्या रांगेची तपासणी आपल्यालाच करायची आहे.

हे आम्ही एवढे लांबवून सांगतो, त्यामागे कारण आहे. आमच्या घरांतून पुढची जागा कमावत्या माणसाची, मधली पाहुण्यांची आणि मागची घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्याची, अशी वाटणी होत आली आहे. म्हातारी आई बोलत नाही, सून बोलत नाही, आणि वीस लाखांच्या गाडीत त्या दोघी गुडघे आवळून नांदेडपर्यंत जातात. गाडी घराची म्हणायची असेल तर तिच्या निवडीत त्यांचे मत पहिले असावे. ज्याला मागे बसायचे आहे, त्याच्या होकाराशिवाय बयाणा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.