इंजिनियरचे तास आणि आमचे तास

आमच्या आळीतला एक दादा पुण्याला शिकून इंजिनियर झाला. गणपतीला तो चौकला येतो आणि रात्री जागरणाला बसलो की कॉलेजच्या आठवणी सांगतो. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा. सर त्याला गुण्या लावून उजेडासमोर धरायचे आणि फटीतून जरा उजेड दिसला की मुकाट्याने परत हातात द्यायचे. असे चार दिवस. दादाच्या बोलण्यात परीक्षेचे गुण कधी येत नाहीत, ते सर मात्र दरवर्षी येतात.

मग घरचे मला विचारतात, "आणि तुमच्या कॉलेजात काय करतात?" गेल्या वर्षी मला सांगता आले नाही. मी तासांना बसलोच नव्हतो.

मित्रहो, राग मानू नका, पण आपल्यापैकी कितीजण बसतात? हजेरी लावायची, खोपोलीकडे कंपनीत कंत्राटी पाळीला पळायचे आणि परीक्षा आली की गाइड आणायचे. नड खोटी नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. ती मला कोणी समजावून सांगायला नको. पण "आर्ट्सच्या तासात असते काय?" असे जे आपण वर म्हणतो, ते मला पटत नाही. ज्यांच्या जन्मदिवशी, 15 सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन होतो, ते विश्वेश्वरय्या 1881 साली बंगलोरला आधी बी. ए. झाले, तेही दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून. (त्या काळी बी. ए.ला गणितही असे, ही पळवाट कोणी काढेलच!) मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून 1883 साली ते इंजिनियर झाले आणि पुढे खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले.

इंजिनियरला दाखवायला धरण असते. आपल्या शेजारच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई पिते. आपल्याकडे दाखवण्यासारखे जे काही होईल, ते तासातच होईल.

यंदा मराठीच्या तासाला बोलीभाषेचा विषय निघाला. सरांनी घरातला एकेक शब्द मागितला. मी म्हटले, "राब". सर घाटावरचे, त्यांना तो नवा. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावले. शेण, कवळ, पातेरा थरावर थर घालून जमीन कशी भाजतात, त्याने तण कसे मरते आणि भाताचे रोप कसे जोमाने धरते, हे मी दहा मिनिटे सांगत होतो. सरांनी ते वहीत लिहून घेतले.

संध्याकाळी बाबांना सांगितले. "सरांनी लिहून घेतलं?" त्यांनी दोनदा विचारले. मग जरा वेळाने म्हणाले, "ऐनाचा कवळ चांगला, हे सांगितलंस का?"

सांगितले नव्हते.

"मग उद्या जाऊन सांग."

– एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला