आपली आपणच दिलेली ग्वाही

मार्कशीटच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवायला आपल्यापैकी बरेच जण वणवण फिरलेत. पुढे बऱ्याच ठिकाणी आपली आपणच केलेली सही चालायला लागली. कॉम्प्युटरच्या जगात ही सोय जुनीच आहे. तिला म्हणतात सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट.

बनवायला अगदी सोपं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ओपनएसएसएलची एक ओळ लिहायची. 'रेक' ही आज्ञा, 'एक्स५०९' हा पर्याय आणि किती दिवस चालवायचं तो आकडा (नाही दिला तर ३० दिवस). किल्ली तयार, सर्टिफिकेट तयार! देणारे आपण, घेणारेही आपणच. मग ब्राउझर लगेच इशारा देतो.

यावर जाणकार मंडळी नातेवाईकांना बिनधास्त सांगतात, "काही नाही हो मावशी, 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबा आणि पुढे जा." मला हे अजिबात पटत नाही.

कुलूप तेवढंच भक्कम असतं, हे खरं. पण पलीकडे नक्की कोण आहे, हे कळायला मार्गच नसतो. त्याच नावाचं दुसरं सर्टिफिकेट कुणीही मिनिटभरात बनवू शकतो. आज लग्नाचे फोटो बघायला इशारा ओलांडायची सवय लावली, तर उद्या बँकेच्या पानावर तोच इशारा आल्यावर मावशी काय करतील?

आता कुणी म्हणेल, मोठ्या संस्थांची मूळ सर्टिफिकेटंही सेल्फ-साइन्डच असतात की! बरोबर. फरक एवढाच की ती ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच बसवलेली असतात, म्हणजे कुणीतरी आपली ओळख करून दिलेली असते. तीही कधी फसते. २०११ साली हॉलंडच्या डिजिनोटार कंपनीत घुसून गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं गेलं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. ब्राउझरवाल्यांनी कंपनीला वाळीत टाकलं, त्याच वर्षी तिचं दिवाळं निघालं.

थोडक्यात काय, तर स्वतःच्या मशीनवर प्रयोग करायला ही एक ओळ झकास. घरच्यांना बोलवायचं असेल तर डोमेन घ्या आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट लावा. डिसेंबर २०१५ पासून ते सगळ्यांना फुकट मिळतंय. तेही नको असेल, तर सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट फोनवर वाचून दाखवा आणि जुळला तरच पुढे जायला सांगा. ६४ अक्षरं आहेत, कंटाळा येईल. पण मावशींना आपला आवाज ओळखू येतो, आणि खरी ग्वाही तीच.

बघा पटतंय का.