सीटकव्हरची पक्की शिलाई : तारीफ की ऐब?

कपड्याच्या व्यापारात पक्की शिलाई ही मालाची तारीफ समजली जाते. गिऱ्हाईक शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहते. ती उसवली नाही की सौदा पटला. मोटारीच्या सीटकव्हरचे कापड आणि रेक्झिन विकताना मीही वर्षानुवर्षे कारागिरांना हेच सांगत आलो : धागा जाड नायलॉनचा घ्या, टाका जवळ घाला, कडेला डबल शिलाई मारा. आज कबूल करायला हवे की, मोटारीत एक जागा अशी आहे जिथे हा सल्ला चुकीचा होता, आणि त्या चुकीची किंमत एखाद्याचा जीव असू शकते.

ड्रायव्हरसमोरची एअरबॅग 2019 पासून आणि शेजारच्या आसनासमोरची 2022 पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. आता मध्यम किमतीच्या पुष्कळ गाड्यांत सहा एअरबॅग येतात. त्यांपैकी दोन पुढच्या आसनांच्या पाठीत, दाराकडच्या कडेला दडवलेल्या असतात. त्या कडेला ‘एअरबॅग’ असे लिहिलेली लहानशी पट्टी दिसते. कारखाना तिथली शिवण जाणूनबुजून अशी घालतो की, बाजूने धडक बसताच ती फाटावी आणि पिशवी बाहेर यावी. हे सारे पापणी लवायच्या आत व्हावे लागते. आपण त्यावर जाड रेक्झिन चढवून डबल शिलाई मारली, तर पिशवी उशिरा फुगेल किंवा भलतीकडे वळेल. जी शिवण फाटायलाच हवी, तीच आपण पक्की करून ठेवतो.

छताचेही तसेच आहे. उरलेल्या दोन एअरबॅग खिडक्यांच्या वर, छताच्या कडेला असतात आणि पडद्यासारख्या खाली उतरतात. गाडी आतून सजवताना छताला व खांबांना मखमली कापड चिकटवण्याची हौस वाढली आहे. सांध्यावरून कापड ओढून घेतले की पडद्याची वाट बंद होते. आसन उतरवताना त्याखालची पिवळ्या आवरणाची वायर तुटली, तर एअरबॅग कामातूनच जाते.

आता पट्ट्याकडे पाहू. सीटबेल्ट हाही शेवटी कापडाच्याच जातीचा, पॉलिएस्टरच्या धाग्यांनी घट्ट विणलेला. परंतु मोठ्या अपघातात एकदा ताण सोसलेला पट्टा पुन्हा तितकाच भरवशाचा राहत नाही, मग तो दिसायला कितीही नवा असो. मोडीत निघालेल्या गाडीचा पट्टा काढून दुसऱ्या गाडीत बसवणे म्हणजे गिऱ्हाइकाला भरवशाच्या नावाखाली धोका विकणे होय. व्हॅनमध्ये जादा आसने टाकून त्यांचे पट्टे साध्या पत्र्याला बोल्टने कसणेही तसेच. पट्टा टिकेल, पत्रा फाटेल.

पट्ट्याचे मोल आकड्यांतून कळते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांत पट्टा न लावलेले 16,715 जण होते, आणि त्यांपैकी 8,331 चालक नसून प्रवासी होते. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार महागडी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता व दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. तरीही पट्टा न लावता त्याची घंटा बंद ठेवणारी क्लिप बाजारात राजरोस विकली जात होती. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली पाच ऑनलाईन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. दुकानदारांनी आदेशाची वाट का पाहावी?

तिसरी गोष्ट आगीची. कपडा बाजारात आम्ही धागा जाळून सूत की पॉलिएस्टर ते ओळखतो. मोटारीतील कापडासाठी मात्र आय.एस. 15061 हे मानक आहे. त्याप्रमाणे आडव्या धरलेल्या तुकड्यावर आगीची धाव मिनिटाला 100 मिलिमीटरहून जास्त असू नये. सोफ्यासाठी विणलेले स्वस्त कापड आणि साधा फोम या कसोटीला उतरेलच असे नाही. त्यातच जादा दिव्यांसाठी मूळ वायरी कापून जोडल्या, तर ठिणगी आणि सरपण दोन्ही आपणच शेजारी ठेवले असे होते.

कायदाही आता सैल राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले की, कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचा ठरवलेला सुटा भाग नियमबाह्य विकला, तर विकणाऱ्याला एक लाख रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलून दुकानदार मोकळा होत नाही.

काही बंधू म्हणतील, या बोलण्याने आपल्याच पोरांची रोजी बुडेल. कुर्ल्यापासून गावोगावच्या गॅरेजपर्यंत शिलाई, रेक्झिन आणि फिटिंगच्या कामात आपल्या समाजाचे किती हात गुंतले आहेत, हे मी जाणतो. माझाही माल त्यांच्याच जोरावर खपतो. पण रोजी बुडेल ती न शिकल्याने. उद्या गिऱ्हाईक विचारेल, ‘तुमच्या कव्हरमध्ये एअरबॅगची जागा सोडली आहे का?’ ज्याला उत्तर देता येईल त्याचे दुकान चालेल.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मोजमाप घेण्याआधी आसनाची कड पाहावी. पट्टी दिसली तर ती बाजू उघडी ठेवलेले किंवा त्या गाडीसाठी तपासून बनवलेले कव्हरच द्यावे. कापड घेताना आगीच्या चाचणीचा दाखला मागावा. आम्ही व्यापाऱ्यांनी तो न मागताच द्यावा. वापरलेला पट्टा आणि घंटा बंद करणारी क्लिप दुकानात ठेवूच नये. जुन्या उस्तादांनी आठवड्यातून एक तास पोरांना नव्या गाडीची रचना शिकवावी.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. आपल्या धंद्यातली ओल रेक्झिनच्या खाली असते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, आपल्याला दिसते. ती सांगून विकणे हीच अमानत आहे, आणि बरकतही त्यातच आहे.