रुंद रिम आणि अरुंद डोकी

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एका मित्राने विचारलं, "सायकलवर एवढा खर्च केलास, बदललंस काय?"
म्हटलं, "रिम्स."
"मग दिसत कसं नाही काही?"
"दिसण्यासारखं काही नाहीच."
त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ना, त्या नजरेविरुद्ध हा लेख आहे.

तर झालं असं. माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. सुट्टीत महाराष्ट्र एक्सप्रेसने जातो, सायकल बरोबर नेतो. तिकडे सायकल चालवायची म्हणजे थोडं डांबर, मग कालव्याकाठचा मुरूम आणि शेवटी धानाच्या बांध्यांमधले धुरे. पावसाळ्यात बैलगाड्या-ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत वाळून विटेसारख्या कडक होतात. त्यांच्यावरून तासभर सायकल चालवली की मनगटं दुसऱ्या दिवशी कीबोर्डला हात लावू देत नाहीत.

यावर बाजाराचं उत्तर ठरलेलं आहे. सस्पेन्शन घ्या! पुढे घ्या, मागेही घ्या! दुकानात उभ्या असलेल्या स्वस्त 'माउंटन बाइक'च्या हँडलवर दाब दिला की फोर्क खाली-वर होतो आणि गिऱ्हाईक खूष. त्या स्वस्त फोर्कमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते, झटका जिरवणारं तेलाचं डँपिंग नसतंच. म्हणजे खड्ड्यात दबते आणि तेवढ्याच जोराने तुम्हाला परत उडवते. वर दोन-अडीच किलो लोखंड वाहून न्यायचं ते वेगळंच.

माझं म्हणणं साधं आहे. खराब रस्त्यावरचं पहिलं सस्पेन्शन म्हणजे टायरमधली हवा. ती कमी ठेवता आली पाहिजे. आणि ती कमी ठेवायची तर खाली रुंद रिम हवी.

का ते सांगतो. अरुंद रिमवर जाड टायर बसवला की त्याचा आकार बल्बसारखा होतो, वर फुगीर आणि खाली मानेत चिमटलेला. हवा कमी केली की वळणावर ही मान लचकते आणि टायर रिमवर लोळायला लागतो. रिम रुंद केली की टायरच्या भिंती जवळजवळ सरळ उभ्या राहतात, त्यांना खालून आधार मिळतो. बस, एवढंच तत्त्व आहे.

आता आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं. सायकल तीच, टायर तोच 2.25 इंची, रस्ता तोच. जुनी रिम आतून 19 मिलिमीटर, नवी 30. गोंदियाच्या आमच्या सायकलवाल्या काकांकडे चाकं बांधायला दिली तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, टायर तं तोच हाय, मंग रिम काहून बदलवता?" प्रश्न रास्त होता. नव्या रिमला जुने स्पोक लांबीला बसेनात, तेही नवे घ्यावे लागले.

निकाल ऐका. जुन्या रिमवर मी 38 पीएसआय हवा ठेवायचो. 28 वर आणली तर मुरुमाच्या वळणावर मागचं चाक शेपूट हलवायचं, आणि एकदा दगडावर ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडली, साप चावल्यासारखी. नव्या रिमवर पहिल्या दिवशी 38 च ठेवली. फरक? शून्य! उलट सायकल जरा जास्तच कडक वाटली, कारण टायर कॅलिपरवर चारेक मिलिमीटर रुंद झाला होता, आणि तेवढ्याच हवेत रुंद टायर जास्त ताणला जातो. पोटात गोळा आला. पैसे पाण्यात!

दुसऱ्या दिवशी मागे 26, पुढे 24. आणि मंडळी, तोच धुरा, त्याच चाकोऱ्या, पण सायकल उड्या मारायची थांबली. वळणावर टायर लोळला नाही. तासाभराने मनगटं शाबूत होती. म्हणजे रुंद रिम स्वतः काहीच करत नाही, ती फक्त कमी हवा ठेवण्याची मोकळीक देते. रिम रुंद केली आणि हवा तीच ठेवली तर तुम्ही नुसतं वजन विकत घेतलंत.

आता आक्षेप. "रिम जड होते ना!" होते. माझ्या जोडीला दोनशे-अडीचशे ग्रॅम वाढले, म्हणजे पेलाभर पाणी. ज्यांना ते जड वाटतं त्यांनी आधी स्वतःचं पोट तपासावं, मी तपासलंय. "काटे?" बाभळीच्या काट्याला रिमची रुंदी कळत नाही, पंक्चर व्हायचं ते होतंच. "चिखल?" हा आक्षेप खरा. टायर फुगला की फ्रेममधली फट कमी होते आणि श्रावणातल्या चिकणमातीत चाक अडकतं. म्हणून आधी फट मोजा, आणि उगाच 40 मिलिमीटरच्या मागे लागू नका. सव्वादोन इंची टायरला 25 ते 30 पुरे.

"ही नवी फॅशन आहे" म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, नाही हो. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत ज्या 'रिपॅक' शर्यतींतून माउंटन बाइक घडत गेली, तिथली पोरं जुन्या श्विन सायकली डोंगरावरून सोडायची. रुंद लोखंडी रिम, वर फुगीर बलून टायर. पुढे शर्यतींच्या नादात वजन कमी करता करता रिम 17 मिलिमीटरपर्यंत आक्रसली. आज आपण परत मूळ जागी येतोय.

मग राग कशाचा? गेल्या सुट्टीत भाच्यासाठी सायकल बघायला गेलो. जाड टायर, दोन्हीकडे सस्पेन्शन, भडक रंग. विचारलं, रिम आतून किती? दुकानदाराला माहीत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात गिअर आहेत, रंग आहेत, रिमची आतली रुंदी नाही! शेवटी मीच मान वाकडी करून रिमवरचा ठसा वाचला. 584x19. म्हणजे आतून 19, आणि वर पावणेतीन इंची टायर. पोरगा रोज मुरमावरून शाळेत जाणार. टायर लोळेल म्हणून हवा खच्च भरणार, हादरे खाणार आणि दोन वर्षांत मोटरसायकल मागणार. मग आपण पुण्यात बसून म्हणणार, "हल्लीची मुलं सायकल चालवत नाहीत."

जे दिसतं ते विकलं जातं, आणि रिमची रुंदी टायरखाली झाकलेली असते. म्हणून हा एक आकडा मागा. दुकानात मागा, मागून मागून त्यांना तो छापायला लावा. आणि ज्यांच्याकडे रिमचे पैसे नाहीत त्यांनी आज संध्याकाळी फक्त चार-पाच पीएसआय हवा कमी करून बघावी. ते फुकट आहे.

भाच्यासाठी शेवटी साधा फोर्क आणि आतून 25 ची रिम असलेली सायकल घेतली. दुकानात तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. काल त्याचा फोन होता. म्हणाला, "मामा, धुऱ्यावरून पण चालते."

असो. कँटीनमधल्या मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण दिसत काहीच नाही ना?"