57 घटी, 55 पळे

मध्यंतरी एक गृहस्थ आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा मुहूर्त विचारायला आले होते. हातात दोन कागद होते. एक पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला, बोरूने लिहिलेला. दुसरा मोबाईलवरून काढलेला, वर गणपतीचे रंगीत चित्र. मातोश्रींचा जन्म सोलापुरातच, 1943 च्या श्रावण वद्यातला. घरात सगळ्यांना पाठ असलेली वेळ सकाळी 6 वाजून 20 मिनिटे. नव्या कागदावर सिंह लग्न आणि गुरुवार, जुन्यावर कर्क लग्न आणि बुधवार. "जुनं टिपण चुकलेलं दिसतंय," गृहस्थ म्हणाले. मीही मान डोलावणार होतो, तेवढ्यात इष्टकालाच्या ओळीवर नजर गेली. 57 घटी, 55 पळे.

त्या दिवसांत सोलापूरचा सूर्योदय 6 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणजे 6.20 चा इष्टकाल जेमतेम 25 पळे यायला हवा. 57 घटी 55 पळे म्हणजे पुढच्या सूर्योदयाला 2 घटी 5 पळे बाकी, घड्याळी हिशेबाने 50 मिनिटे. जन्म 5.20 चा! बरोबर एका तासाचा फरक पाहिल्यावर उलगडा झाला. 1 सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 च्या मध्यापर्यंत महायुद्धामुळे देशातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती. गिरणीचा भोंगा वाजायचा तोही याच सरकारी वेळेने, आणि घरोघरी घड्याळ नसलेल्या त्या सोलापुरात वेळ सांगायची ती भोंग्याच्या मागेपुढे. टिपण करणाऱ्या जोशीबुवांनी तो तास वजा केला. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून बुधवार लिहिला आणि लग्न कर्क धरले. मोबाईलला युद्ध माहीत नव्हते.

वार बदलल्याचे मातोश्रींना कळवले. आजवर केला तो उपास गुरुवारचाच राहील, असा निरोप आला.

या महिन्यात मूलभूत संज्ञांवर लिहावे असे ठरले, तेव्हा हेच टिपण डोळ्यांपुढे आले. लग्न, रास, अयनांश हे शब्द आपण दिवसभर वापरतो. इतके की त्यामागे एखादी मोजणी असते हे विसरायला होते. 'लग्न' म्हणजे चिकटलेले, जन्मक्षणी पूर्व क्षितिजाला लागलेला राशीचा अंश. समोर बसलेल्या यजमानांच्या मनात मात्र अक्षता आणि मांडव असतो. 'तुमचं लग्न कर्क' म्हटल्यावर 'अहो, माझं तर अजून व्हायचंय' हे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले असेल. त्यावर हसून पुढे जाऊ नये. हा अंश सरासरी चार मिनिटांना एक या वेगाने सरकतो, म्हणून मला तुमची वेळ खरी हवी, एवढे सांगायला दोन वाक्ये पुरतात. सोलापूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे 26 मिनिटे मागे आहे. ती दुरुस्ती राहिली की लग्न साडेसहा अंश चुकले.

'रास' हा शब्द तर आपणच सैल सोडला. मराठी माणसाची रास चंद्राची, वर्तमानपत्रात जन्मतारखेवरून दिलेली रास सूर्याची आणि तीही बहुधा सायन. एकाच माणसाला दोन राशी सांगितल्या जातात आणि तो बिचारा जी बरी वाटेल ती धरतो. 'योग'ही तसाच. पंचांगातले 27 योग, कुंडलीतला गजकेसरी आणि 'स्थळाचा योग दिसत नाही' यांतला योग, तिन्ही निराळे.

खरा घोळ अयनांशाचा आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा सूर्य निरयन मकरेत येतो. उत्तरायण त्याआधी तीनेक आठवडे, 21-22 डिसेंबरला, सुरू झालेले असते. हे अंतर म्हणजेच अयनांश, चित्रापक्षाने सध्या सुमारे 24 अंश 13 कला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने 21 मार्च 1956 साठी 23 अंश 15 कला हा आकडा ठरवून दिला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्षाचा पुरस्कार त्याच्या कितीतरी आधी केला होता, आणि 1917 पासून आपल्या गावातून निघणारे दाते पंचांगही चित्रापक्षाचेच. टिळक पंचांग मात्र रेवतीपक्षाचे. दोन्हींत जवळजवळ 4 अंशांचे अंतर पडते, त्यामुळे क्वचित अधिक महिनाही वेगळा येतो. नक्षत्राचा चरण 3 अंश 20 कलांचा. म्हणजे पक्ष बदलला की चरण बदललाच, नवांश बदललाच. चंद्र नक्षत्राच्या कडेला असेल तर नाडीही बदलू शकते आणि 36 गुणांतले 8 गुण येतात किंवा जातात. एखादे चांगले स्थळ एका कार्यालयात जमते आणि गल्लीपलीकडे मोडते, त्याचे कारण पुष्कळदा ग्रहांत नसून कागदावर न लिहिलेल्या या आकड्यात असते.

कृष्णमूर्ती पद्धतीवाल्यांचा आणि चित्रापक्षाचा फरक जेमतेम 6 कलांचा. क्षुल्लक वाटतो. पण 800 कलांच्या नक्षत्रावर शुक्राची 20 वर्षे पसरली की 6 कलांचे सुमारे 55 दिवस होतात. महादशा अमुक तारखेला सुरू होते असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

काही वाचक म्हणतील, गणित कितीही नेटके केले तरी फलिताचे काय? प्रश्न रास्त आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. हुशार मुले आणि मतिमंद मुले कुंडलीवरून ओळखायची होती. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहिल्या आणि सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती. आपल्या वर्तुळात त्यावर राग पुष्कळ निघाला. माझ्या मते रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. फलिताबद्दल आपण जे बोलतो ते नम्रपणे बोलावे, आणि गणितात तरी चूक नसावी, एवढे मी त्यातून घेतले. अयनांश कोणता घेतला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने साडेसातीची भीती कोणाला घालू नये.

तेव्हा विनंती अशी. टिपणाच्या माथ्यावर गणपतीखाली जागा असतेच. तिथे गाव, वेळ कोणत्या घड्याळाची, त्या दिवशीचा सूर्योदय आणि घेतलेला अयनांश लिहा. संगणकावरून छापले असले तरी हाताने लिहा. आणि आपल्या दप्तरात 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 मधल्या जन्माच्या पत्रिका असतील तर या महिन्यात काढून बघा. तो एक तास वजा झाला आहे का, इष्टघटीवरून पाच मिनिटांत कळते. ही माणसे आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत, त्यांची मुले मुहूर्त विचारायला येतीलच.