अभेद्य कवच कुणालाच नको

इंद्राला ब्राह्मणाचा वेश घेऊन कर्णाच्या दारात का उभं राहावं लागलं? कारण कर्णाच्या अंगावर कवचकुंडलं असेपर्यंत त्याला हरवणं शक्य नव्हतं. हिरण्यकशिपूचं वरदान आठवतंय? घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाकडून नाही, प्राण्याकडून नाही. तरी नरसिंहाला फट सापडलीच. ज्याला काहीच होऊ शकत नाही त्याची गोष्ट पुढे सरकत नाही, हे आपल्या गोष्टी सांगणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

हाच प्रश्न टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत रोज येतो. यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये आणला. एक जण सूत्रधार होतो, म्हणजे डन्जन मास्टर. बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार. राक्षसाचा वार लागला की चुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

पाचाची किंमत किती?

या खेळात प्रत्येक पात्राला 'आर्मर क्लास' नावाचा एक आकडा असतो. फाशावरचा आकडा आणि हल्लेखोराचं कौशल्य यांची बेरीज त्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली, की वार लागला. जादूगाराकडे 'शील्ड' नावाचा अगदी पहिल्या पातळीचा मंत्र असतो. वार लागतोय असं दिसलं की तो म्हणायचा. स्वतःची पुढची पाळी येईपर्यंत हा आकडा ५ ने वाढतो.

फक्त ५? हिशोब करून बघू. राक्षसाचं कौशल्य ५ धरा. जादूगाराचा आर्मर क्लास १५ असेल तर राक्षसाला फाशावर किमान १० हवेत, म्हणजे २० पैकी ११ वेळा वार लागेल. मंत्र म्हटल्यावर १५ हवेत, म्हणजे २० पैकी ६ वेळा. मार जवळपास निम्मा झाला. छान.

आता तोच मंत्र लोखंडी चिलखत आणि ढाल घेतलेल्या, आर्मर क्लास २० असलेल्या पात्राला द्या. आधी २० पैकी ६ वेळा वार लागत होता. आता आकडा २५ झाला आणि वार लागायला फाशावर थेट २०च पडायला हवेत. म्हणजे २० पैकी फक्त एकदा. मंत्र तोच, वाढ तेवढीच, पण एकाचा मार निम्मा झाला आणि दुसऱ्याचा सहावा हिस्सा उरला. संरक्षणावर संरक्षण चढवत गेलं, की प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा भारी पडतो.

मार खातो कोण?

'मग एखादा खेळाडू सुरक्षित राहिला तर बिघडलं काय?' असं वाटेल. बिघडतं ते बाकीच्यांचं. सूत्रधाराला वाटतं, याला कुणीच लागत नाही, मग राक्षस जरा तगडा करू. त्याने कौशल्य ५ वरून १० केलं. आता २५ वाल्याला २० पैकी ६ वेळा वार लागतो, पण शेजारी बसलेल्या १५ वाल्याला २० पैकी १६ वेळा! एकाच्या कवचाची किंमत दुसऱ्याने मोजली. आणि घरच्या टेबलावर हा दुसरा बहुतेकदा सगळ्यात लहान खेळाडू असतो, ज्याने नियम न वाचता नुसतं आवडलं म्हणून पात्र निवडलेलं असतं.

चांगल्या मंत्राला फट असते

खेळ बनवणाऱ्यांनी यावर काही छान उपाय शोधलेत. 'मेज आर्मर' हा मंत्र आठ तास टिकतो, पण अंगावर चिलखत असेल तर चालत नाही. थरावर थर नको! 'सँक्चुअरी' मंत्र असलेल्यावर हल्ला करायला शत्रूचं मन धजावत नाही. पण त्या पात्राने स्वतः हल्ला केला की मंत्र संपला. शिवाय आगीचा लोळ सगळ्यांवर आला तर तो वाचवत नाही. सुरक्षित राहा किंवा लढा, दोन्ही एकदम मिळणार नाही.

'काउंटरस्पेल' म्हणजे समोरच्याचा मंत्र हवेतच विझवणं. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीपर्यंतचा मंत्र आपोआप विझायचा आणि समोरच्याची त्यावर खर्च झालेली शक्तीही वाया जायची. आपली पाळी यायची वाट बघत बसलेल्या खेळाडूची पाळी अशी फुकट गेली की त्याचं तोंड उतरणारच. २०२४ च्या नियमांत मंत्र टाकणाऱ्याला फासा टाकून तो वाचवायची संधी मिळते, आणि नाही वाचला तरी ती शक्ती शिल्लक राहते.

घरी नियम बनवताना

सुट्टीत मुलांबरोबर स्वतःचा खेळ रचत असाल, तर प्रत्येक संरक्षक मंत्राला चार प्रश्न विचारा. याची किंमत काय? किती वेळ टिकतो? कशापुढे चालत नाही? आणि यामुळे दुसऱ्या कुणाची मजा जाते का?

एक सोपा नियम सुचवते: वार चुकवणारा मंत्र देण्याऐवजी मार कमी करणारा द्या. वार लागला की साधा सहा बाजूंचा फासा टाका, जो आकडा येईल तेवढं नुकसान कमी. हा मंत्र दिवसातून दोनदाच. चिलखतवाला असो वा बिनचिलखताचा, लागलेल्या वारातून दोघांचंही सारखंच वाचतं. शिवाय थोडं तरी लागण्याची भीती राहते, म्हणून फासा पडताना सगळे टेबलावर वाकून बघतात.

नियम ठरला की एकच लढाई दोनदा खेळा, एकदा मंत्रासह आणि एकदा मंत्राशिवाय. दुसऱ्या वेळी लढाई अवघड झाली पण जिंकण्याजोगी राहिली, तर मंत्र बरोबर जमलाय. आणि दोन्ही वेळा टेबलावरच्या सगळ्यात लहान खेळाडूच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. तो मोबाइल हातात घेऊ लागला, तर नियम पुन्हा लिहायला घ्या.