मोकळ्या दिवसाचे नियोजन : आधी परतीची वेळ ठरवा

हिवाळा सुरू झाला, की पुणे-मुंबई, नाशिक-कोल्हापूर अशा ठिकाणांहून ज्येष्ठांचे समूह ताडोबा पाहण्यासाठी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात येऊ लागतात. मुक्काम बहुधा मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळ असतो. दोन-तीन सफारी, जेवणखाण, नागपूरला परत जाण्याची गाडी, सारे आधी ठरलेले असते. मात्र कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या दिवसापुढे 'मोकळा वेळ' असे दोनच शब्द असतात. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते. म्हणून पुष्कळदा हा मोकळा दिवस मंगळवारीच येतो. इतक्या दूर आल्यावर कुणाला वैनगंगेकाठचे मार्कंडा देवस्थान पाहायचे असते, कुणाला वरोऱ्याचे आनंदवन, तर कुणाला थेट भामरागड तालुक्यातील हेमलकसा. समूह विश्रांती घेत असतो आणि एखादे जोडपे स्वतंत्र गाडी ठरवून निघण्याच्या विचारात असते. अशा वेळी दूरध्वनीवर मुलांचा आवाज येतो, "एकटे कुठे जाऊ नका."

वाचकहो, आजचा लेख या मोकळ्या दिवसाविषयी आहे. मुलांची भीती निराधार नसते. परंतु सरसकट नकार हे तिच्यावरचे औषध नव्हे. आपण स्वतः ठरवून, स्वतःच्या पायांनी जाऊन काही पाहिले, ही भावना उतारवयात मनाला मोठी उभारी देते. दुसरीकडे, "मला काही होत नाही" हे ज्येष्ठांचे वाक्यही नियोजनाची जागा घेऊ शकत नाही. नकार आणि हट्ट या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे कागदावर लिहून काढलेला दिवस.

परदेशी जहाजसहलींना जाणारे मराठी ज्येष्ठ आता कमी नाहीत. तेथील एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने जाणारे जहाज एखाद्या बंदरात दिवसभर थांबते. जहाज कंपनीच्या सहलीला गेलेल्यांना उशीर झाला, तर त्यांची जबाबदारी कंपनी घेते. जो स्वतःच्या व्यवस्थेने गावात गेला, त्याच्यासाठी मात्र जहाज थांबत नाही. पुढचे बंदर त्याने स्वखर्चाने गाठायचे असते. म्हणून जाणते प्रवासी आधी परतीची वेळ निश्चित करतात आणि काय पाहायचे ते त्यानंतर ठरवतात. मोहर्लीहून निघणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. येथे जहाजाच्या जागी समूहाची बस असते, आणि तिच्याहून न थांबणारा असतो तो मावळता सूर्य. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर अंधार पडल्यानंतर वन्यप्राणी आडवे येतात, मदत दुर्मिळ होते आणि चालकही थकलेला असतो.

अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तासांमध्ये मोजा

या परिसरातील स्थळांचे मी प्रकृतीच्या दृष्टीने तीन गट करतो.

पहिला गट जवळचा. चंद्रपूर शहरातील गोंडकालीन परकोट आणि त्याची प्रवेशद्वारे, महाकाली व अंचलेश्वर मंदिरे, भद्रावतीचे जैन मंदिर आणि विजासन लेणी, नागपूर रस्त्यावरील वरोऱ्याचे आनंदवन. ही सारी ठिकाणे मोठ्या रस्त्यालगत आहेत. खाणे, स्वच्छतागृह, औषधांचे दुकान, रुग्णालय यांपैकी काहीच फार दूर नसते. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या व्यक्तीने हा गट निवडण्यास हरकत नाही.

दुसरा गट मध्यम. त्याचे उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा. मोहर्लीहून चंद्रपूर आणि मूल मार्गे, वाटेतला थांबा धरून, एका बाजूला सुमारे तीन तास धरावेत. ही सहल एका दिवसात होते, पण हिशेब चोख हवा.

तिसरा गट दूरचा. हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला; डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कार्यामुळे तो सर्वांना परिचित आहे. ते काम पाहण्याची ओढ मी समजू शकतो. तथापि मोहर्लीहून सकाळी निघून रात्री परत, असा बेत साठी उलटलेल्या कोणालाही मी सुचवणार नाही. आष्टी-आलापल्ली भागात लोहखनिजाच्या अवजड वाहनांची वर्दळ असते आणि आलापल्लीपुढचा रस्ता दाट जंगलातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्कच तुटतो. हेमलकशाला जायचे असेल, तर ते मोकळ्या दिवसात कोंबू नये. हिवाळ्यात, पूर्वसूचना देऊन, मुक्कामाची सोय करून स्वतंत्र प्रवास म्हणून जावे.

घड्याळ उलटे फिरवा

मार्कंड्याचा बेत उदाहरणादाखल मांडतो. हिवाळ्यात येथे सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून मोहर्लीला परत पोहोचण्याची वेळ दुपारी साडेतीन धरावी. उरलेले दोन तास पंक्चर, रस्त्याचे काम किंवा अचानक आलेला थकवा यांसाठी राखीव. साडेतीनला पोहोचायचे, तर मूल येथे एक वाजता जेवण. त्यासाठी मार्कंड्याहून साडेअकराला निघणे आवश्यक. तेथे दीड तास हवा, म्हणजे दहाला पोहोचायचे आणि मोहर्लीहून सकाळी सातला निघायचे.

या कागदावर एक वेळ लाल शाईने लिहावी. ती म्हणजे 'मागे वळण्याची वेळ'. साडेदहापर्यंत मार्कंडा आले नाही, तर जेथे असू तेथून परत फिरायचे. हा निर्णय गाडीत बसून करू नये. आदल्या रात्रीच करून ठेवावा. वाटेत थकलेले शरीर आणि "आता आलोच आहोत" म्हणणारे मन, दोघेही विश्वासार्ह सल्लागार नसतात.

पाणी कमी पिण्याची चोरटी सवय

प्रवासात ज्येष्ठांना चक्कर येण्याचे जे कारण मला वारंवार आढळते, ते रस्त्याच्या वळणांत नसते. ते असते जाणूनबुजून टाळलेल्या पाण्यात. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. काही जण लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी परस्पर वगळतात. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. परिणामी रक्तदाब उतरतो, तोल जातो, पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग होतो.

यावरचा उपाय संकोच न बाळगता केलेले नियोजन हाच आहे. निघण्यापूर्वी चालकाला स्पष्ट सांगावे, की दर दीड तासाला गाडी थांबेल आणि ती स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी थांबेल. या थांब्यावर पाच मिनिटे चालावे. पाय एकाच स्थितीत लोंबकळत राहिल्याने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो. लघवीच्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती पुढे ढकलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना प्रवासाआधी विचारावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी ते प्रमाण पाळून घोट घोट प्यावे. इतरांनी क्षारसंजीवनीचे पाकीट जवळ ठेवावे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते.

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या काळात असे बेत आखूच नयेत. कडक उन्हात बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

औषधांची पिशवी मांडीवर, डिकीत नव्हे

एका दिवसाची सहल असली, तरी दोन दिवसांची औषधे सोबत घ्यावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. थर्मासमध्ये किंवा ओल्या कापडात गुंडाळून न्यावे, पण बर्फाला थेट टेकवू नये. जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊ नये, कारण जंगलपट्ट्यात 'दहा मिनिटांत मिळेल' असे सांगितलेले जेवण तासाने मिळू शकते. घाम, थरथर, घाबरेपणा जाणवला, की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिली असल्यास ती खिशात असावी.

खिशातच एक कार्डही असावे. त्यावर नाव, वय, आजार, चालू औषधे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचा ठळक उल्लेख, ॲलर्जी आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहावेत. भ्रमणध्वनी बंद पडतो किंवा त्याला कुलूप असते; कागद कोणीही वाचू शकतो.

पाय आणि पाठ

मार्कंड्याच्या मंदिरसमूहात पादत्राणे काढावी लागतात. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना तापलेल्या दगडाचा चटका जाणवत नाही. फोड दिसतो तो मुक्कामी परतल्यावर. अशांनी जाड सुती मोजे घालूनच आत जावे आणि रात्री तळवे उजेडात तपासावेत. नदीकाठी उतरण्याचा मोह असतो, पण ओल्या दगडावर एकट्याने पाऊल टाकू नये.

हाडे ठिसूळ झालेल्यांनी उघड्या जिप्सीत मागच्या आसनावर बसू नये. तेथे धक्के सर्वाधिक बसतात आणि एका मोठ्या धक्क्यानेही मणका दबू शकतो. मधली जागा आधीच मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जी शहरातील ज्येष्ठांच्या ध्यानात येत नाही. रोज पहाटे फिरण्याची सवय कितीही चांगली असली, तरी मोहर्लीसारख्या गावी उजाडण्यापूर्वी रस्त्यावर फिरायला जाऊ नये. या जिल्ह्यात वाघ आणि बिबट अभयारण्याच्या सीमेपुरते राहत नाहीत. व्यायाम निवासाच्या आवारात, उजाडल्यावर करावा. रात्री खोलीबाहेर पडताना बंद बूट आणि विजेरी हवीच.

घरच्यांसाठी दोन शब्द

दर तासाला दूरध्वनी करून विचारपूस केल्याने काळजी कमी होत नाही, वाढते. जंगलपट्ट्यात संपर्क अनेकदा तुटतो आणि ताडोबाच्या गाभा क्षेत्रात तर भ्रमणध्वनी नेताच येत नाही. त्याऐवजी ठिकाणे ठरवावीत : निघताना, मूल येथे जाताना, मूल येथे परतताना आणि मुक्कामी पोहोचल्यावर, असे चारच संदेश. शेवटचा संदेश साडेचारपर्यंत आला नाही, तर कोणी कोणाला फोन करायचा, हेही लिहून ठेवावे. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा दूरध्वनी समूहप्रमुखाकडे आणि निवासाच्या कार्यालयात द्यावा. चालक स्थानिक असावा. त्याला रस्ते ठाऊक असतात आणि रुग्णालयेही.

नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया झालेली असणे, नव्याने उद्भवलेली छातीदुखी, बसल्या जागी धाप, ताप, जुलाब, यांपैकी काही असेल तर त्या दिवशी विश्रांतीच घ्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्यांना केवळ चालकाच्या भरवशावर पाठवू नये. इतरांसाठी माझा साधा निकष असा : सपाटीवर अर्धा तास चालता येत असेल आणि एक जिना न थांबता चढता येत असेल, तर पहिल्या दोन गटांतील सहलीला हरकत नाही.

परतल्यानंतरचा महिना

गडचिरोलीत हिवताप अजूनही आहे आणि त्यातला मेंदूवर परिणाम करणारा घातक प्रकारही आढळतो. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारे मलम आणि मच्छरदाणी ही त्रिसूत्री पाळावी. ताप मात्र लगेच येत नाही. एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा येतो. तोवर आपण घरी असतो आणि प्रवास विस्मरणात गेलेला असतो. म्हणून परतल्यानंतर महिनाभरात ताप आला, तर "मी गडचिरोलीला जाऊन आलो आहे" हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. अंगावर काळपट खपलीचा डाग दिसल्यास तोही दाखवावा. गवतातील सूक्ष्म किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते.

ज्यांचा बेत ब्राझील किंवा पेरूसारख्या देशांचा आहे, त्यांनी पीतज्वराच्या लसीविषयी प्रवासाच्या बरेच आधी विचारावे. तेथून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना दुष्परिणामांचा धोका काहीसा अधिक असतो. त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

पुढील मोकळ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ज्येष्ठांनी आणि घरच्यांनी एकत्र बसून, किंवा दूरध्वनीवर, एक कागद करावा. सर्वांत वर परतीची वेळ, तिच्याखाली मागे वळण्याची वेळ, मग थांबे, औषधे आणि दूरध्वनी क्रमांक. पाहायच्या स्थळाचे नाव सर्वांत शेवटी लिहावे. वरच्या साऱ्या ओळी नीट भरल्या गेल्या असतील, तर शेवटच्या ओळीला घरच्यांनी मोकळ्या मनाने होकार द्यावा.